ऐकायचा कोपरा: लिसनिंग स्टेशनबद्दल तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

साधारण ४ ते ८ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांकडून, आणि अधूनमधून आईबाबांकडूनही, जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथे एका जागी टाकलेत. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. सगळं सलग वाचायची गरज नाही, जिथे अडलंय तिथे थेट जा, एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर नंबर दिलाय.

१. लिसनिंग स्टेशन म्हणजे नक्की काय? मुलांना गोष्ट लावून द्यायची, एवढंच ना?

नाही, एवढंच नाही. वर्गातल्या एका कोपऱ्यात चार-पाच मुलं हेडफोन लावून गोष्ट ऐकतात आणि त्या वेळी प्रत्येकाच्या समोर तीच गोष्ट छापलेलं पुस्तक असतं. पुस्तक नसेल तर ते नुसतं गोष्ट ऐकणं झालं, तेही चांगलंच आहे, पण कानावर पडणारा शब्द आणि कागदावरचा शब्द यांची गाठ त्यातून पडत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मुलं हे सगळं स्वतःचं स्वतः करतात, पुस्तक काढणं, गोष्ट सुरू करणं, पानं उलटणं, शेवटी सगळं जागेवर ठेवणं.

माझ्या मते या कोपऱ्याचं खरं काम म्हणजे एक दिवस मुलाचं या कोपऱ्याशिवाय चालायला लागणं. जे पुस्तक सोमवारी हेडफोन लावून ऐकलं तेच गुरुवारी मूल स्वतःहून उचलून, हेडफोन न लावता, पोटावर पडून वाचत बसलं की कोपरा चालला. खालची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीवरून आलीत.

२. ऐकणं म्हणजे वाचन थोडंच आहे? वाचनाच्या तासातला वेळ ऐकण्याला का द्यायचा?

हा प्रश्न मुख्याध्यापकांकडून येतो, पालकांकडून येतो आणि रास्त आहे. ऐकणं म्हणजे वाचन नाही हे खरंच, पण वाचन समजण्याचा अर्धा भाग ऐकण्यातून येतो. १९८६ साली गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडून वाचता येणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणजे दोन्हीतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरं पक्की झालेलं पण शब्दसंपत्ती तोकडी असलेलं मूल खडाखडा वाचतं आणि काय वाचलं विचारलं की गप्प बसतं, असं मूल प्रत्येक वर्गात असतं.

लहान मुलांना वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त समजतं, आणि हा फरक पुढची बरीच वर्षं राहतो. पहिलीतलं मूल स्वतः 'कमल, घर बघ' वाचत असतं तेव्हाच त्याला कोल्ह्याने कसं फसवलं, का फसवलं आणि दुसऱ्याने ते कसं ओळखलं हे सगळं ऐकून कळत असतं. त्याच्या डोक्याला तोवर 'कमल, घर बघ' एवढ्यावरच ठेवणं मला तरी अन्याय वाटतो.

मराठीत अजून एक गोष्ट आहे. आपली लिपी बऱ्यापैकी उच्चाराप्रमाणे चालते असं आपण म्हणतो पण पूर्ण चालत नाही. 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च वेगळे, लिहायला एकच अक्षर. दुनिया या अर्थाचं 'जग' आणि पाण्याचा 'जग' लिहायला सारखेच, बोलायला वेगळे. 'कमळ' मधल्या शेवटच्या ळ चा अ आपण बोलत नाही, पण अक्षर अक्षर जोडणारं मूल मात्र क-म-ळ असं तीन पूर्ण अक्षरं म्हणत बसतं. हे नियम म्हणून शिकवत बसण्यापेक्षा शब्दाकडे बघत असताना तो नीट बोललेला कानावर पडला की मुलं ते आपोआप उचलतात.

३. मूल हेडफोन लावून बसतं पण अक्षरांकडे बघतच नाही, नुसती चित्रं बघतं. मग काय उपयोग?

यात मुलाची चूक नाही. २००५ मध्ये मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी गोष्ट वाचून दाखवताना लहान मुलांची नजर कुठे जाते हे डोळ्यांच्या हालचाली टिपून बघितलं, तर नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवरच होती, मजकुराकडे नावापुरती. म्हणजे पुस्तक हातात दिलं की मूल आपोआप ओळीवरून नजर फिरवेल हे आपण मोठ्यांनी धरून चाललेलं असतं, तसं होत नाही. ते वेगळं शिकवावं लागतं.

त्यावर माझा उपाय बोट. दुसऱ्यांदा ऐकताना (चार फेऱ्यांबद्दल प्रश्न ४ बघा) मूल शब्दाखालून बोट सरकवत जातं. हे आधी सगळ्या वर्गासमोर मोठ्या अक्षरांच्या पुस्तकावर तुम्ही करून दाखवा, एक बोललेला शब्द म्हणजे एक छापलेला शब्द, मधे मोकळी जागा, ओळ संपली की खालच्या ओळीच्या डावीकडे उडी. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की यात शिकण्यासारखं काही आहे हेच लक्षात येत नाही, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला ओळीच्या शेवटी कुठे जायचं हे खरंच माहीत नसतं. काही मुलांना बोटापेक्षा आइस्क्रीमच्या काडीसारखी चपटी काडी आवडते, द्या.

आणि पानावर एक ते तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर असेल तर बोटाचं विसराच, मूल हरवतं. तसलं पुस्तक नुसतं ऐकण्यासाठी ठेवा.

४. एकच गोष्ट किती वेळा ऐकवायची? मुलांना कंटाळा नाही येणार?

कंटाळा आपल्याला येतो. मुलांना तीच गोष्ट परत हवी असते, घरी रात्री कोण काय मागतं ते आठवा.

१९७६ मध्ये कॅरल चॉम्स्की यांनी तिसरीतल्या पाच मुलांबद्दल लिहिलं होतं, ज्यांना अक्षरं येत होती पण वाचन अडखळत, रडतखडत चाललेलं. त्यांना आणखी अक्षरांचे सराव देण्याऐवजी टेपवर गोष्टी दिल्या, पुस्तक समोर ठेवून तीच गोष्ट परत परत ऐकायची, ती स्वतःला सफाईने वाचता येईपर्यंत. मुलं वाचायला लागली, आणि मला सगळ्यात भावलं ते हे की आपल्यालाही पुस्तक वाचता येतं असं त्यांना वाटायला लागलं. आज टेप गेल्या पण पद्धत तीच आहे.

मी एका पुस्तकाच्या चार फेऱ्या ठेवते, साधारण एका आठवड्यात. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, चित्रं बघायची, गोष्टीत रमायचं, काही विचारायचं नाही. दुसऱ्यांदा बोट ठेवून. तिसऱ्यांदा हेडफोनमधल्या आवाजाबरोबर आपणही हळू आवाजात बोलायचं, सगळं जमलं नाही तरी परत परत येणारी वाक्यं तरी नक्की येतात. आणि चौथ्यांदा हेडफोन काढून, ऑडिओ बंद, शेजारच्याला वाचून दाखवायचं. ही चौथी फेरी बहुतेक वर्गांत होतच नाही, वेळ संपतो, पुढचा गट येतो, नवीन गोष्ट लागते, आणि मग आम्हाला विचारतात की वर्षभर कोपरा चालवला पण मुलं वाचत का नाहीत. पुस्तकं निम्मी करा पण चौथी फेरी सोडू नका.

५. पुस्तक कुठल्या पातळीचं घ्यायचं? मुलाला वाचता येतं तेवढंच की वरचं?

दोन टोपल्या ठेवा. एका टोपलीत बोट ठेवून ऐकायची पुस्तकं, म्हणजे मुलाला आज जे जमतं त्याच्या किंचित वरची, थोड्या ओळी, मोठी अक्षरं, शब्दांत मोकळी जागा, एखादं वाक्य सारखं परत येणारं. दुसऱ्या टोपलीत नुसती ऐकायची, ती एक-दोन इयत्ता वरची असली तरी चालतील, भरपूर नवे शब्द, लांब गोष्टी, आणि माहितीपर पुस्तकंसुद्धा. मुंग्या, विहिरी, ग्रह यांच्यावरची पुस्तकं मुलं किती मन लावून ऐकतात ते बघून मला दरवेळी नव्याने आनंद होतो, आपण उगाच फक्त गोष्टींच्या मागे असतो.

दोन्ही टोपल्या एकत्र केल्या की घोळ होतो. मूल वरच्या पातळीचं पुस्तक घेऊन बोट ठेवायला बघतं, आवाज पुढे जातो, बोट मागे राहतं आणि मूल मान खाली घालून बसतं. टोपल्यांना वेगळे रंग द्या म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

६. एका वेळी किती मुलं आणि किती मिनिटं?

चार ते सहा मुलं, दहा-पंधरा मिनिटं. चार-पाच वर्षांच्या मुलांची गोष्ट पाच-सात मिनिटांचीच असू द्या. एका वेळेला एकच पुस्तक असेल तर सगळे एकत्र सुरू करतील, त्यामुळे उशिरा आलेला थांबतो किंवा पुढच्या गटात जातो, मधूनच घुसवू नका. मोठा वर्ग असेल तर रोज सगळ्यांचा नंबर लागणार नाही, लागायलाच हवा असंही नाही, आठवड्यात तीनदा लागला तरी पुष्कळ.

७. सामान काय काय लागतं? आमच्याकडे फारसं काही नाही.

आवाज वाजवणारं एक काहीतरी (जुना मोबाइल, साधा एमपी३ प्लेयर, सीडी प्लेयर, जे असेल ते), एक स्प्लिटर म्हणजे एका प्लगमधून चार-पाच हेडफोन जोडता येतात ती डबी, हेडफोन, आणि त्याच पुस्तकाच्या निदान दोन-तीन प्रती. जुना मोबाइल वापरणार असाल तर सिम काढा, नेट बंद करा, गोष्टींचं एकच ॲप पहिल्या पानावर ठेवा. बऱ्याच नवीन फोनना हेडफोनचं भोक नसतं, तेव्हा स्प्लिटर घेण्याआधी ते बघून घ्या.

ब्लूटूथ हेडफोन लहान मुलांच्या गटात नकोच असं मी म्हणेन, रोज कुठला तरी जोडला जात नाही, कुठल्या तरी एकाचं चार्जिंग संपलेलं असतं आणि पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. वायरवाला हेडफोन अडाणी दिसतो पण चालतो.

हेडफोन अजिबात नसतील तर एक छोटा स्पीकर बारीक आवाजात लावून मुलांना त्याच्याभोवती गोल बसवा. बाकी वर्गाला थोडा त्रास होतो पण सुरुवात होते.

८. मुलं सारखी हाक मारतात, बाई बंद पडलं, बाई याने पुढे ढकललं. मी दुसऱ्या गटाला शिकवू कशी?

माझ्या वर्गात पहिल्या वर्षी मी सोमवारी सामान मांडलं आणि सोमवारीच मुलांना बसवलं. मंगळवारी दोन हेडफोनच्या वायरी तुटलेल्या आणि मी चिडलेली. चूक माझी होती, मी कोपरा मांडला पण शिकवला नाही.

आता पहिला पूर्ण आठवडा मी ऑडिओ लावतच नाही. पहिल्या दिवशी फक्त हेडफोन डोक्यावर कसा घालायचा, वायर कुठून न्यायची, काढून कुठे अडकवायचा. दुसऱ्या दिवशी पान उलटायचा सराव, मी टिंग वाजवते, सगळे एकदम उलटतात, मुलांना हा खेळच वाटतो. मग बटणं: चालू करायच्या बटणावर हिरवं टिकलीसारखं स्टिकर, बंद करायच्या बटणावर लाल, मागे न्यायच्या बटणावर पिवळं, बाकी बटणांवर काहीच नाही म्हणजे त्यांना हात लावायचा नाही. मोबाइलवर स्टिकर चालत नाही, तिथे स्क्रीनचं चित्र काढून त्यावर रंग देऊन भिंतीला लावा. प्रत्येक गटात एक 'बटणवाला' किंवा 'बटणवाली' रोज बदलून, बाकीच्यांनी बटणाला हात लावायचा नाही. आणि काहीतरी अडलंच तर काय करायचं ते चित्रात: आधी बटणवाल्याला सांग, नाही जमलं तर हेडफोन काढून पुस्तकातली चित्रं बघत गोष्ट आपली आपण सांग. बाईंना हाक मारणं त्या चित्रात कुठेच नाही.

आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. नंतर वर्षभर वसूल होतो.

९. आवाज किती ठेवायचा? कानाला धोका नाही ना?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं जे मानक आणलं त्यात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर आवाज ७५ डेसिबलच्या आत असं धरलंय, मोठ्यांसाठी ८०. मुलांचे म्हणून जे हेडफोन विकतात त्यांच्यावर बऱ्याचदा ८५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे तो आकडा बघून एकदम निर्धास्त होऊ नका. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा.

आपला कोपरा दिवसाला पंधरा मिनिटांचा, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण सवय आत्ताच लागते. रोज मी स्वतः एकदा हेडफोन लावून बघते, आणि मुलाने हेडफोन घातलेला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात नाव घेतलं तर त्याला ऐकू आलं पाहिजे. मोबाइलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते, ठरवून टाका. वर्ग फार गोंगाटाचा असेल तर मुलं आवाज वाढवणारच, तेव्हा कोपरा दारापासून आणि ठोकळ्यांच्या खेळापासून लांब हलवा.

एखादं मूल मात्र सारखंच आवाज वाढवत असेल तर रागावू नका, प्रश्न १८ वाचा.

१०. एकाचा हेडफोन दुसऱ्याने घालायचा म्हणजे उवा, कानाचं इन्फेक्शन...

कानात घालायचे इअरफोन शेअर करायचे नाहीत, कानावर बसणारेच घ्या. रोज शेवटी ओल्या फडक्याने पुसा, फोमच्या गाद्या फाटल्या की बदला. उवा मुख्यतः डोक्याला डोकं लागून पसरतात, वस्तूंमधून क्वचित, पण वर्गात उवांची तक्रार चालू असेल त्या काळात प्रत्येकाचा हेडफोन नावाच्या पिशवीत वेगळा ठेवा किंवा काही दिवस स्पीकरवर चालवा. कान वाहत असलेल्या मुलाला त्या दिवशी हेडफोन नको.

११. गोष्टी आणायच्या कुठून? कुठलंही पुस्तक वाचून रेकॉर्ड केलं तर चालतं का?

कुठलंही नाही. छापलेलं पुस्तक वाचून रेकॉर्ड करणं म्हणजे त्याची नक्कल करणंच आहे. वर्गातल्या वापराला किती सूट मिळते ते प्रत्येक देशाच्या कायद्यावर आहे, पण ते रेकॉर्डिंग नेटवर टाकलं किंवा ग्रुपवर फिरवलं की विषयच बदलतो. प्रकाशकाला एक साधं पत्र लिहून परवानगी मागणं हा सरळ मार्ग आहे.

त्यापेक्षा सोपं म्हणजे खुल्या परवान्याची पुस्तकं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे, तिथे मराठीतही चित्रपुस्तकं आहेत, पातळीनुसार लावलेली, आणि ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर असतात, म्हणजे लेखक, चित्रकार यांची नावं सांगून तुम्ही छापू शकता, वाचून रेकॉर्ड करू शकता. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ती नावं वाचाच, पुस्तक कोणीतरी लिहिलेलं असतं हे मुलांना त्यातून कळतं.

तिसरा साठा तुमच्या वर्गातच आहे. मुलांनी सांगितलेल्या, तुम्ही लिहून घेतलेल्या आणि त्यांनीच चित्रं काढलेल्या गोष्टी. त्या पुस्तकांना आमच्याकडे कायम नंबर लागलेला असतो.

१२. माझा आवाज चांगला नाही. रेकॉर्डिंग कसं करू?

तुमचा आवाज मुलांना ओळखीचा आहे, त्याहून चांगला आवाज त्यांना नकोय. आजीचा, शिपाईकाकांचा, मोठ्या वर्गातल्या ताईचा आवाजही आणा, मुलं पुस्तकाच्या पाठीवर कोणाचा फोटो चिकटवलाय ते बघून पुस्तक निवडतात.

मोबाइल पुरतो. विमान मोडवर टाका, नाहीतर नेमका शेवटच्या पानाला फोन येतो. पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली घ्या, रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. मोबाइल तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा, थेट समोर धरला की प, फ, भ ला फुस्स असा आवाज येतो. चुकलात तर थांबवू नका, दोन सेकंद गप्प राहून ते वाक्य परत म्हणा, नंतर कापता येतं.

वेग हळू, पण शब्द तोडून नाही. 'एक. होता. ससा.' असं वाचलं तर मुलं तसंच वाचायला शिकतील, आणि मग ती सवय जाता जात नाही. नेहमीपेक्षा थोडं सावकाश, पण वाक्याचा सूर आणि थांबे बोलल्यासारखे. स्वल्पविरामाला थांबा, प्रश्नाला आवाज वर जाऊ द्या. पान संपलं की टिंग, मग तीन-चार सेकंद पूर्ण शांतता, त्यात मुलं पान उलटतात आणि चित्र बघतात. सुरुवातीला 'मुखपृष्ठावर काय दिसतंय बघ' म्हणून दहा सेकंद सोडा. मधे मधे समजावून सांगू नका. छापलेलं आहे तेच वाचा, एक शब्दही बदलू नका, बोट ठेवलेल्या मुलाला तो बदललेला शब्द फार गोंधळात टाकतो.

१३. मोबाइल आता मराठी आपोआप वाचून दाखवतो. तेच लावलं तर?

माझं मत, बोट ठेवून ऐकायच्या पुस्तकांना नको. प्रश्न २ मध्ये लिहिलेले दोन च, दोन ज यांत मशीन चुकू शकतं, आणि वाक्याचा सूर बऱ्याचदा सपाट येतो. मोठ्यांना ते चालतं कारण आपण मनात दुरुस्त करून घेतो, शिकणारं मूल तेच खरं धरतं. नाइलाज असेल तर पूर्ण गोष्ट आधी स्वतः ऐका आणि चुकीच्या उच्चाराची गोष्ट सरळ काढून टाका.

१४. गोष्टींचे व्हिडिओ असतात, अक्षरंही रंगत जातात. ते जास्त चांगलं नाही का?

शब्द बोलला जाईल तसा रंगत जाणारा मजकूर चांगला आहे, नजर अक्षरांवर आणायला मदत होते. पण सोबत चित्र नाचत असेल तर नजर परत चित्राकडेच. त्यामुळे स्थिर चित्र आणि रंगणारी अक्षरं असेल तर अधूनमधून वापरा. तरी चौथ्या फेरीला कागदाचं पुस्तक हातात हवं, कारण ते घरी नेता येतं आणि त्याला कोणी चालू करावं लागत नाही.

१५. पुस्तकात 'असे', 'घरे' लिहिलेलं असतं, आम्ही 'असं', 'घरं' बोलतो. काही मुलांची तर घरची भाषाच वेगळी. कसं वाचायचं?

बोट ठेवायच्या पुस्तकात जे छापलंय तेच. 'असे' छापलेलं 'असं' वाचलंत तर मात्रा आणि अनुस्वार यांचा घोळ होतो. शक्य असेल तर बोलीभाषेत छापलेली पुस्तकं निवडा, आता बरीच मिळतात. नुसत्या ऐकायच्या टोपलीत मात्र मोकळेपणाने मुलांच्या बोलीत, घरच्या भाषेत गोष्टी ठेवा, त्यांच्या घरच्यांकडूनच रेकॉर्ड करून आणा. तीच गोष्ट आधी घरच्या भाषेत ऐकलेलं मूल मराठीत ऐकताना अर्थासाठी धडपडत नाही, त्याचं सगळं लक्ष शब्दांवर जातं. वर्गात आपल्या आईचा आवाज हेडफोनमधून ऐकताना त्या मुलाचा चेहरा एकदा बघा.

१६. ऐकून झाल्यावर काय द्यायचं? वर्कशीट?

दर वेळी काही द्यायची गरज नाही. बोटावरच्या बाहुल्या घेऊन गोष्ट परत सांगणं, आवडलेल्या पानाचं चित्र काढून त्याखाली आपल्याला येतं तसं लिहिणं, गोष्टीतला एक शब्द शोधून तो वर्गात अजून कुठे लिहिलाय ते बघणं, एवढं पुरे. दरवेळी पाच प्रश्नांचा कागद ठेवलात की मुलं उत्तरं शोधायला ऐकतात, गोष्ट ऐकत नाहीत.

१७. माझी मुलगी पुस्तक घडाघडा म्हणते पण ते पाठ झालंय, वाचत नाहीये. फसवणूक नाही का ही?

नाही हो, ही मधली पायरी आहे. पाठ असलेल्या मजकुरावर बोट नीट बसवता येणं हेच मोठं काम आहे, कारण मग शब्द माहीत असतो आणि तो कागदावर कसा दिसतो ते बघायला डोकं मोकळं राहतं. फक्त ती त्या पायरीवरच थांबली नाही ना ते बघायचं. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून हा कुठला विचारा. ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत म्हणत तिथे आली तरी चालेल, ती शोधतेय. गोष्टीतली तीन-चार वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट क्रमाने द्या. हे आठवडाभरात अजिबात जमत नसेल तर पुस्तक फार मोठं आहे, छोटं घ्या, आणि अक्षरओळख वेगळी, रोज, शिकवत राहा. ऐकायचा कोपरा अक्षरं शिकवण्याची जागा घेत नाही, हे मी मुद्दाम ठासून सांगते.

१८. एका मुलाला कमी ऐकू येतं, एकाला डोक्यावर हेडफोन सहनच होत नाही. त्यांचं काय?

जे मूल सारखा आवाज वाढवतं, एका बाजूचाच हेडफोन कानाला दाबतं किंवा पानं दुसऱ्याचं बघून उलटतं, त्याच्या पालकांशी बोला आणि कान तपासायला सांगा. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही दिवस कमी ऐकू येणं बऱ्याच मुलांत होतं, ते कमीजास्त होत राहतं म्हणून घरीही लक्षात येत नाही. असं मूल या कोपऱ्यातच पहिल्यांदा लक्षात येऊ शकतं.

कानामागचं श्रवणयंत्र असेल तर त्याचा माइक वरच्या बाजूला असतो, छोटा हेडफोन तिथपर्यंत पोचत नाही आणि दाबला गेला तर शिट्टी वाजते. मोठा, पूर्ण कान झाकणारा हेडफोन करून बघा, किंवा यंत्राला थेट आवाज पाठवायची सोय आहे का ते पालकांना आणि त्यांच्या ऑडिओलॉजिस्टना (म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना) विचारा, स्वतःच्या मनाने यंत्र काढायला लावू नका. ज्या मुलाला अजिबात ऐकू येत नाही त्याच्यासाठी तीच गोष्ट खुणांच्या भाषेत व्हिडिओवर, हातात पुस्तक तसंच.

हेडफोन सहन होत नसेल तर जबरदस्ती नाही. बारीक आवाजातला स्पीकर, कोपऱ्यात पाठ टेकून एकट्याने, किंवा हेडफोन गळ्यात घालून. काही मुलं महिन्याभराने आपणहून घालतात, काही नाही, दोन्ही ठीक.

१९. एक मुलगा रोज ऐकायलाच पळतो, स्वतः वाचायला बसवलं की रडतो. कोपरा बंद करू का त्याच्यासाठी?

बंद करू नका, तो तिथे का पळतो हे कळलं पाहिजे. तिथे त्याला गोष्ट मिळते आणि स्वतः वाचायला बसलं की फक्त अपयश मिळतं, मग तो तरी काय करणार. ऑडिओ हळूहळू मागे घ्या. त्याला चांगली पाठ असलेली गोष्ट घ्या, आधी शेवटचं पान ऑडिओशिवाय, मग शेवटची दोन पानं. किंवा रेकॉर्डिंगमध्येच परत परत येणाऱ्या वाक्याच्या जागी मोकळी जागा सोडा, तिथे त्याने बोलायचं. मी अशी तीन गोष्टींची रेकॉर्डिंग करून ठेवलीत आणि ती नेहमीपेक्षा जास्त वापरली जातात.

शब्द उलगडण्यातच खूप अडचण असणाऱ्या मुलांना मात्र पुढेही ऑडिओ लागू शकतो, डिस्लेक्सिया असलेल्यांना तर नक्कीच. त्यांच्यासाठी तो चष्म्यासारखा आहे. मदत सुरू ठेवा आणि वाचन शिकवणंही सुरू ठेवा.

२०. ज्यांना छान वाचता येतं त्यांनाही पाठवायचं?

हो, दुसऱ्या टोपलीसाठी (प्रश्न ५). आणि त्यांच्याकडून रेकॉर्डिंग करून घ्या. लहान वर्गासाठी गोष्ट रेकॉर्ड करायची म्हटलं की भरभर वाचणारी मुलंसुद्धा तेच पान चार-पाच वेळा वाचून बघतात, आपण सांगून जे होत नाही ते होतं.

२१. मग मी रोज वाचून दाखवते ते बंद केलं तर चालेल?

नाही. हेडफोन मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, मधे थांबून 'आता काय होईल?' विचारत नाही, आणि कोणाचा चेहरा उतरला हे त्याला दिसत नाही. उलट जी गोष्ट तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवली तीच पुढच्या आठवड्यात कोपऱ्यात ठेवा, ओळखीची गोष्ट मुलं जास्त धिटाईने हाताळतात.

२२. उपयोग होतोय हे कळणार कसं? वर लेखी काहीतरी दाखवावं लागतं.

लेखीसाठी एक साधा तक्ता: मुलाचं नाव, पुस्तक, कुठल्या फेरीपर्यंत पोचलं, तारीख. दर दोन आठवड्यांनी एका पुस्तकाचं चौथ्या फेरीतलं मुलाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा, जूनचं आणि डिसेंबरचं शेजारी शेजारी ऐकवलंत की पालकांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

स्वतःसाठी मी अजून एक बघते. कोपऱ्यातून निघालेलं पुस्तक मी परत कपाटात ठेवत नाही, मोकळ्या वेळच्या पुस्तकांत समोर ठेवते आणि आतल्या बाजूला एक कोरी चिठ्ठी चिकटवते. ज्याने ते हेडफोनशिवाय उचललं त्याने चिठ्ठीवर एक रेघ ओढायची. महिन्याने चिठ्ठी कोरीच असेल तर ते पुस्तक बदलते, आणि रेघांनी भरली असेल तर मागे दुसरी चिकटवते.